उशाशी साचणारा बालाघाटाचा खडक

बीड जिल्ह्यात बोअरचे पाणी पातेल्यात उकळले की कडेला पांढरी रेघ उमटते. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर तोच थर. झोपेत श्वास अडकणाऱ्यांच्या सीपॅप यंत्रात हे पाणी ओतले, की त्याच्या पाण्याच्या डबीतही तो धरतो.

नाकावाटे दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवण्याचा हा उपाय कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये सिडनीत मांडला. रात्रभर वाहणाऱ्या हवेने नाक-घसा कोरडा पडू नये म्हणून डबीतले पाणी खालून तापवतात. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी; क्षार तळाशीच राहतात.

हे क्षार येतात आपल्या बालाघाटाच्या काळ्या खडकातून. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत मुरणारे पाऊसपाणी किंचित आम्ल होते आणि खडक विरघळवत खाली जाते. तेच पाणी तापले की वायू उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन बसतो.

हिशेब करून पाहा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मानक मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम. म्हणजे चांगले समजले जाणारे 300 मिली पाणी एका रात्रीत आटले, तर 150 मिलिग्रॅम क्षार उरतात. महिन्याला साडेचार ग्रॅम, जवळपास चमचाभर! पाणी उकळल्याने जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो. पण विरघळलेले क्षार काढायला दोन्ही पुरे पडत नाहीत.

साचलेला थर घासणीने खरवडू नका. ओरखड्यांत क्षार आणखी घट्ट धरतात, जंतूंनाही आसरा मिळतो. यंत्र बंद करून, प्लग काढून डबी गार होऊ द्या. बाहेर काढलेल्या डबीत एक भाग पांढरे व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी दहा मिनिटे ठेवा. थराजवळ बारीक बुडबुडे दिसतील. थरात अडकलेला कार्बन डायऑक्साइडच सुटतो आहे. थर जाड असेल तर पुन्हा तेच करा, मग स्वच्छ पाण्याने वास जाईपर्यंत खळबळा. व्हिनेगर यंत्रात मात्र ओतू नका.

रोज सकाळी उरलेले पाणी फेकून डबी सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि रात्री डिस्टिल्ड वॉटरच भरा. तडा गेलेली डबी धुऊन वापरत बसू नका, बदलून घ्या.