कोयत्याचे पाणी आणि घणाचे हात

आपल्या समाजात ज्ञान कशाला म्हणायचे, हे ज्ञान पाहून ठरत नाही. ते कोणाच्या हातात आहे हे पाहून ठरते. घिसाडी घडवतात तो कोयता याचे उदाहरण आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पोलाद कठीण का होते, हे फळ्यावर समजावतो. तेच रस्त्याकडेच्या पालापुढे रोज घडते. पण त्याला आपण शास्त्र म्हणत नाही, पोटाचा धंदा म्हणतो.

कोयता घडतो कसा? भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा निवडला जातो. ही निवडच जाणतेपणाची आहे. या पोलादात सुमारे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. साध्या लोखंडी सळईत तो बराच कमी, म्हणून तिच्या पात्याला धार टिकत नाही. तुकडा भट्टीत लाल-नारिंगी होईपर्यंत तापवतात. पुरुष सांडशीने तो ऐरणीवर धरतो आणि लहान हातोडीने ठोक्याची जागा दाखवतो. घण घालते ती बहुधा बाई. ऊसतोडीचा कोयता वेगळा, फांद्या छाटण्याचा वेगळा. गिऱ्हाईक डावखुरे असेल तर धारेचा उतार दुसऱ्या अंगाला घ्यावा लागतो.

खरी कसोटी पुढे, पाणी देताना. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापलेले पोलाद एकदम विझवले की कार्बनचे अणू लोखंडाच्या रचनेत अडकून पडतात. पाते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून फक्त धारेची कड बुडवतात. पाठीतली उरलेली ऊब धारेकडे सरकते आणि घासून उजळ केलेल्या धातूवर रंग चढतात. सुमारे २२० ते २३० अंशांना पिवळसर, ३०० च्या आसपास निळा. धारेवर पिवळा आला की पाते पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई झाली तर तिचे तुकडे उडतात. तापमापक नाही, डोळा हाच तापमापक.

या ज्ञानाची नोंद कोण घेतो? केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना २०२३ साली सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, शिवाय कर्ज. परंतु नियम असा, की पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब आणि त्यातील एकाच व्यक्तीला लाभ. कोयता चार हातांनी घडतो. प्रमाणपत्र दोन हातांनाच. मग घण घालणारी बाई कागदावर कोण? लोहाराची बायको!

घिसाड्याच्या पोराने बापाचा हातोडाच उचलावा, असे मी म्हणत नाही. ते म्हणणे जातिव्यवस्थेचे आहे. जातीने श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. पोराने शाळेत जावे, हवे ते व्हावे. पण त्याच्या पुस्तकातील पोलादाच्या धड्यात त्याच्या आईचा घण असला पाहिजे. आणि योजनेत तिची स्वतंत्र नोंदणी झाली पाहिजे. भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी. आम्ही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन पालावर जावे आणि शिकण्यासाठी जावे.