घरच्या घरी काडतूस : ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’ निवडताना काय पाहावे लागते?

अमेरिकेत नेमबाजीचे अनेक हौशी झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. तिच्यात नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरतात. स्वतःच्या वापरासाठी हे करायला तेथे केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा, तर लागतो.

यंत्रांत फरक काय?
‘सिंगल स्टेज’ प्रेसमध्ये दांडा एकदा ओढला की एकच काम होते. प्रोग्रेसिव्हमध्ये फिरत्या चकतीवर अनेक पुंगळ्या असतात. चकती भरली की दर ओढीला एक काडतूस तयार होते.

निवड कशी करतात?
डिलनच्या ‘आरएल ५५०’मध्ये ४ टप्पे आहेत, चकती हाताने फिरवावी लागते. हॉर्नडीच्या ‘लॉक-एन-लोड एपी’मध्ये ५ टप्पे असून चकती आपोआप फिरते. काडतुसे थोडीच लागत असतील, तर सिंगल स्टेजही पुरतो.

धोका कुठे?
चकती फिरवायची राहिली, तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडू शकते. असे काडतूस झाडल्यास बंदूक फुटून डोळे वा बोटे जाऊ शकतात. म्हणूनच पाचव्या टप्प्याला किंमत आहे. तेथे दारूची पातळी तपासणारे साधन बसवता येते.

भारतात चालते का?
परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार तो गुन्हा ठरतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. परदेशी व्हिडिओ पाहून यंत्र मागवण्याचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.