चोथा फुकटचा, बांधणी नव्हे

इंदूरजवळचं राऊ म्हटलं की बटाट्याचे चिप्स आठवतात. काप धुतले की पातेल्याच्या तळाशी पांढरा गाळ बसतो, तो स्टार्च. आजूबाजूला सोयाबीनची टरफलं, मक्याची बुरकुंडं असा चोथाही मुबलक. मग बुरकुंडाच्या चुऱ्यावर एन्झाइम बसवायचं, म्हणजे बांधायचं, की ते पुन्हा पुन्हा वापरता येईल, आणि गाळाचा गोड पाक करायचा, की झालं! हे गणित मांडणारे बरेच भेटतात.

पहिला गैरसमज: एन्झाइम जिवंत असतं, बांधलं की मरतं. ते नुसतं प्रथिन आहे. नेल्सन आणि ग्रिफिन यांनी 1916 मध्ये यीस्टमधलं इन्व्हर्टेज कोळशावर चिकटवलं, तरी ते साखर फोडत राहिलं. बांधताना थोडी ताकद जाते, हे मात्र खरं.

वनस्पतीचा आधार म्हणजे जुगाड, हेही चूक. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस मक्याच्या पाकासाठी ग्लुकोज आयसोमरेज बसवलं गेलं ते प्रक्रिया केलेल्या सेल्युलोजवरच.

खरी अडचण वेगळीच आहे. कुठलंही एन्झाइम कुठल्याही चोथ्यावर चालत नाही. स्टार्चचा रेणू अवाढव्य, तो आधाराच्या बारीक छिद्रांत शिरतच नाही. म्हणून पाकाच्या कारखान्यांत स्टार्च फोडणारी एन्झाइम्स टाकीत मोकळीच सोडतात. बांधलेलं असतं ते ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं आयसोमरेज, कारण ग्लुकोजचा रेणू लहान. राऊच्या गाळालाही हाच नियम. आणि सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज बुरकुंडावर बसवलंत, तर ते बसल्या जागीच आपला पाट खाऊ लागेल.

आता पैशाचं. चोथा फुकट मिळाला तरी तो धुवायचा, वाळवायचा, दळायचा, अल्कलीत उकळून लिग्निन काढायचं, ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाने एन्झाइम जोडायचं आणि पुन्हा धुवायचं. त्यातून प्रत्येक पोत्यातला माल निराळा. कारखान्यात आयसोमरेजचा एकदा भरलेला स्तंभ काही महिने चालतो. आठ-दहा खेपांत ढिला पडणारा चोथा त्याच्यापुढे महागच, मग तो कितीही फुकट असो. माझ्या मते भाव विचारण्याआधी खेपा विचाराव्यात.

राहिली धास्ती रसायनाची. ग्लुटारअल्डिहाइड मोकळं असताना विषारी, यात शंका नाही. पण जोडणी झाल्यावर उरलेलं धुऊन काढतात. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत आयसोमरेज बांधण्यासाठी ते मान्य आहे, आणि त्याच यादीत प्रक्रिया केलेलं सेल्युलोजही आहे.