आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

आंब्यावरील आमरी बांडगूळ समजून कित्येक जण कोयत्यानें उतरवितात. आम्हींहि एकदां तशीच उतरविली, याचा खेद आजहि वाटतो. बांडगूळ फांदींत मुळें घुसवून झाडाचा रस शोषतें. आमरी सालीस केवळ धरून राहते. सह्याद्रींतील सीतेची वेणी याच कुळांतली. तिच्या मुळांवरील पांढरें, स्पंजासारखें आवरण पावसाचें पाणी टिपून घेतें. वादळांत मोडलेल्या फांदीवर रोप मिळाल्यास तें मातींत लावूं नये, मुळें कुजतात. फटींच्या लांकडी पेटींत कोळसा व विटांचे तुकडे घालून त्यांत तें बसवावें व पडवींत टांगावें. छत्रपती संभाजीनगराकडील कोरड्या उन्हाळ्यांत रोज सकाळीं मुळें हिरवीं दिसेपर्यंत पाणी शिंपडावें. विहिरीच्या खारट पाण्यापेक्षां सांठविलेलें पावसाचें पाणी बरें. दुपारचें ऊन मात्र लागूं देऊं नये.