दहाहजारीत दहा हजार घरं नव्हती

मंगोल अमलातल्या तिबेटचा विषय निघाला की एक गणित हमखास पुढे येतं. मध्य तिबेटात तेरा ‘दहाहजारी’ जिल्हे होते, म्हणजे एक लाख तीस हजार घरं. मग घरटी माणसं धरून लोकसंख्याही सांगून टाकतात. हे गणित मुळातच चुकीचं आहे, आणि तरीही ते बिनदिक्कत उतरवून घेतलं जातं.

वस्तुस्थिती नोंदलेली आहे. कुबलाई खानाच्या काळात, 1268 साली इथे खानेसुमारी झाली. लुचानो पेतेक या इटालियन अभ्यासकाने तिबेटी साधनांतून तिचे जिल्हावार घरांचे आकडे मांडले आहेत: शालू 3,892, डिगुंग 3,630, फाग्मोद्रु 2,438. दहा हजारांच्या जवळपासही कोणी नाही.

शिवाय मोजलं गेलेलं ‘घर’ म्हणजे प्रत्येक चूल नव्हे. ते कर बसवण्याचं ठरवून दिलेलं माप होतं: सहा खांबांचं घर, बारा खल (धान्याचं तिबेटी माप) बियाणं पेरण्याइतकी जमीन, सहा माणसं आणि ठरावीक जनावरं. अशा आकड्यावरून थेट लोकसंख्या काढायची तरी कशी?

खुद्द मंगोलांनाही पूर्ण दहा हजारांचा आग्रह नव्हता. ‘युआन शी’ या चिनी इतिहासग्रंथानुसार सैन्यातल्या दहाहजारीच्या तीन श्रेणी होत्या: वरची सात हजारांपुढची, मधली पाच हजारांपुढची आणि खालची तीन हजारांपुढची. मुघलांच्या पंचहजारी मनसबदाराकडे तरी पाच हजार स्वार कुठे असायचेच? आकडा दर्जा आणि जबाबदारी सांगतो, शिरगणती नव्हे.

आता इतर गैरसमज.

‘हे जिल्हे चंगीझ खानाने आखले.’ तो 1227 मध्येच वारला. तिबेटातली ही घडी त्याच्या नातवाच्या, म्हणजे कुबलाईच्या काळातली.

‘जिल्ह्यांवर मंगोल सरदार बसले.’ बहुतेक ठिकाणी स्थानिक घराणी आणि मठच कारभार पाहत. फाग्मोद्रुचा प्रमुख चांगछुब ग्याल्त्सेन हा तिबेटीच; त्यानेच पुढे चौदाव्या शतकाच्या मध्यात, मंगोलांच्या पाठिंब्यावर तिबेटचा कारभार पाहणाऱ्या साक्या मठाची सत्ता मोडली.

‘मंगोलांना फक्त लूट कळत होती.’ मग चीनच्या सीमेपासून साक्यापर्यंत टपालाची 27 मोठी ठाणी कोणी बसवली? ती चालवण्याचा बोजा याच घरांवर वाटून दिलेला होता.

म्हणून जुन्या कारभारातला गोल आकडा दिसला, तर गुणाकार करण्याआधी दोन गोष्टी तपासा: मोजलं काय होतं आणि कशासाठी.