'चेअरवर' चालतं, मग 'ऑन खुर्ची' का नाही?

'बुक चेअरवर ठेव' असं आपण सहज बोलून जातो. 'पुस्तक ऑन खुर्ची ठेव' असं मात्र कुणीच म्हणत नाही; थट्टेतसुद्धा जीभ अडखळते. भेसळ दोन्हीकडे आहे. मग एक वाक्य कानाला पटतं आणि दुसरं का खटकतं? हा नियम तर कुठल्याच शाळेत शिकवला जात नाही!

या कोड्याच्या मुळाशी गेले अरविंद जोशी. १९२९ साली पुण्यात जन्मलेले जोशी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात संगणकाला माणसांची वाक्यं उलगडायला शिकवत होते. १९८२ साली त्यांनी मिश्र वाक्यांवर एक निबंध मांडला आणि त्यात उदाहरणं घेतली चक्क मराठी-इंग्रजी बोलण्याची.

त्यांनी दाखवलं की वाक्य कितीही मिश्र असो, ते मुळात कोणत्या भाषेचं आहे याबद्दल बोलणारा आणि ऐकणारा यांचं सहसा एकमत असतं. त्या यजमान भाषेत बाहेरची नामं, विशेषणं, अख्खे शब्दसमूहही येऊ शकतात. पण प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, काळ दाखवणारी रूपं तिची तीच पुरवते. म्हणून मुलं खुर्च्या 'पेंट करतात', 'पेंटतात' नव्हे. रंगवण्याची क्रिया इंग्रजीतून आली, तरी काळ, पुरुष, वचन यांचा सगळा भार 'करतात'नं उचलला. इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या नामांना व्याकरणिक लिंग नसतं. तरी मराठीत आपण बस 'आली' म्हणतो आणि ट्रक 'आला'. हे सगळं बोलता बोलता, क्षणार्धात!

'एकही भाषा धड येत नाही म्हणून सरमिसळ करतात' हा आरोप आपण नेहमी ऐकतो. न्यू यॉर्कमधल्या प्वेर्तो रिकन लोकांचं स्पॅनिश-इंग्रजी बोलणं तपासून भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी १९८० साली याच्या उलट चित्र मांडलं. वाक्याच्या ऐन मध्यात भाषा बदलण्याची कसरत जास्त करत होते ते दोन्ही भाषा उत्तम येणारे. ज्यांची एक भाषा कच्ची, ते बहुधा वाक्याला 'यू नो'सारखं शेपूट जोडण्यावर भागवत. आणि व्याकरण दोघांपैकी कुणाचंही फारसं बिघडत नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी मिश्र वाक्य ऐकलं की उसने शब्द मोजत बसू नका. 'वर', 'ला', 'नं', 'करतात' आपापल्या जागी आहेत का, ते पाहा. ते असतील, तर ते वाक्य मराठीच आहे.