पाऊस मोजणारी मुलं

वरंध घाटाच्या पायथ्याला पाऊस नवा नाही. पण 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर रात्रभर पाऊस लागला की मुलं धसकतात, यात नवल नाही.

नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हणून ही भीती जात नाही. मुलांच्या हाताला काम द्यावं.

उदाहरणार्थ, पर्जन्यमापक. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळाचे उंचवटे बुडतील इतके खडे आणि पाणी भरून त्या पातळीला पट्टीचा शून्य लावायचा. झाडा-भिंतींपासून लांब ठेवून रोज सकाळी साडेआठला नोंद करायची; हवामान खात्याची वेळही तीच. 24 तासांत 64.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस. 204.4 च्या पुढे अत्यंत मुसळधार.

बाटली वाऱ्याने पडते, पट्टी सुटते. सुटू दे की! मोठ्यांनी लगेच हात घालू नये. चिकाटी त्या दुरुस्तीतच येते.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळा सुटलेली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती अशी कामं हाताने करूनच शिकली.

एक मात्र पक्कं सांगायचं: बाटलीतला आकडा हा दरडीचा इशारा नव्हे. जमिनीला भेगा पडल्या, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर आकडा न बघता सुरक्षित जागी जायचं.

बाटली-पट्टीबद्दल काही अडलं तर खाली विचारा.